विमानाच्या सामानात काय न्यावे आणि काय नेऊ नये: कोल्हापूरहून प्रथमच विमानाने निघणाऱ्यांसाठी

कोल्हापूरहून मुलाकडे बंगळुरूला किंवा लेकीकडे दुबईला निघालेल्या माणसाच्या बॅगेत कपड्यांइतकेच खाण्याचे जिन्नस असतात. वर्षभराची चटणी, गुळाच्या ढेपेतला तुकडा, काकवीची बाटली, नृसिंहवाडीची कवठाची बर्फी, अंबाबाईचा किंवा जोतिबाचा प्रसाद यांशिवाय घरातील मोठी माणसे बॅग बंद करू देत नाहीत. एसटीने किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने जाताना यातल्या कशालाही अडचण येत नव्हती, म्हणून विमानाच्या वेळीही तीच बॅग तशीच भरली जाते आणि नेमकी त्यातली निम्मी वस्तू तपासणीच्या टेबलावर बाहेर काढावी लागते. सामान आदल्या दिवशी घरीच विचारपूर्वक लावले, तर यातले बहुतेक सर्व जिन्नस रीतसर नेता येतात. जे नेता येत नाहीत ते मोजके आहेत आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या घरी कराव्यात.

पहिली पायरी: तिकीट नीट वाचावे

बॅग काढण्याआधी तिकिटावरील सामानाची मर्यादा पाहावी. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इन बॅगेसाठी १५ किलो आणि हातातल्या बॅगेसाठी ७ किलो अशी मर्यादा ठेवतात. चेक-इन बॅग म्हणजे काउंटरवर सोपवलेली, विमानाच्या पोटात जाणारी बॅग. हातातली बॅग म्हणजे आपल्यासोबत आसनापर्यंत येणारी. हातातली बॅग एकच असावी. तिच्याशिवाय महिलांची पर्स किंवा लॅपटॉपची लहान पिशवी चालते का, हे आपल्या कंपनीच्या नियमांत पाहून ठेवावे. वजन जास्त होणार हे दिसत असेल, तर जादा सामानाचे पैसे आधी ऑनलाइन भरावेत. काउंटरवर तेच वजन महाग पडते. एकाच बॅगेत सगळे कोंबण्याचाही उपयोग नसतो, कारण ३२ किलोंपेक्षा जड नग सहसा स्वीकारला जात नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आखाती देशांच्या तिकिटावर ३० किलो लिहिलेले असते आणि त्या भरवशावर बॅगा भरल्या जातात. पण कोल्हापूर ते मुंबई किंवा हैदराबाद हे तिकीट वेगळे काढले असेल, तर त्या टप्प्याला १५ किलोंचीच मर्यादा लागू होते आणि उरलेल्या वजनाचे पैसे उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या काउंटरवरच द्यावे लागतात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर ही अडचण बहुधा येत नाही. वजन असो वा वस्तू, प्रवासातला सर्वांत कडक टप्पा कोणता ते पाहून त्याच्या हिशेबाने बॅग भरावी.

दुसरी पायरी: सामानाचे तीन ढीग करावेत

सर्व वस्तू पलंगावर किंवा सतरंजीवर मांडून तीन ढीग करावेत: आपल्यासोबत आसनाशी न्यायच्या वस्तू, चेक-इन बॅगेत घालायच्या वस्तू आणि घरीच ठेवायच्या वस्तू. कोणती वस्तू कोणत्या ढिगात जाईल, हे ठरवताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ज्या वस्तूने कोणाला इजा करता येईल किंवा कोणाच्या डोळ्यांत जाळ उठेल, ती प्रवाशांमध्ये येऊ दिली जात नाही. ती पोटातल्या बॅगेत जाते. जी वस्तू पेट घेऊ शकते, तिच्याबाबत मात्र प्रश्न असा असतो की आग लागलीच, तर ती कोणाला दिसेल आणि कोण विझवू शकेल. पुढे येणारे बॅटरीचा नियम आणि खोबऱ्याचा नियम ही दोन्ही या प्रश्नाचीच उत्तरे आहेत.

तिसरी पायरी: कोठेच न नेण्याच्या वस्तू आधी बाजूला काढाव्यात

पेट्रोल, रॉकेल, थिनर, ऑइलपेंट, आम्ल, ब्लिचिंग पावडर, फटाके आणि सहलीच्या शेगडीचे गॅसचे डबे यांपैकी काहीही, कोणत्याही बॅगेत चालत नाही. काडेपेटी आणि लायटर यांना भारतातल्या विमानतळांवर दोन्ही बॅगांत मनाई आहे. पूजेच्या पिशवीत काडेपेटी आणि कापूर हमखास असतात, म्हणून ती पिशवी उलटी करून पाहावी. कापूर हा सहज पेटणारा घन पदार्थ असून तो धोकादायक मालाच्या यादीत मोडतो. एका वडीसाठीही वाद घालू नये. स्वसंरक्षणासाठीचा मिरचीचा फवारा पर्समध्ये राहून जातो, तोही कोठेच नेता येत नाही. ई-सिगारेटवर तर २०१९च्या कायद्याने देशातच बंदी आहे.

याच ढिगात एक वस्तू अशी आहे, जिचे नाव ऐकून कोल्हापूरचा माणूस चकित होतो: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. जोतिबाच्या डोंगरावर गुलालासोबत खोबरे उधळले जाते, प्रसादाच्या पुडीत खोबरे असते, मसाल्यासाठीही खोबरे लागतेच. मग विमानात त्याला बंदी का? सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार मोठे असते. या तेलाची हवेतील प्राणवायूशी सावकाश क्रिया होत राहते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मोकळ्या जागी ती उष्णता निघून जाते, पण बंद, कोंदट जागेत ती साठत गेली तर खोबरे बाहेरच्या ठिणगीशिवाय आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सुके खोबरे ‘आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ’ या गटात ठेवलेले आहे. क्ष-किरण यंत्रात वाट्यांचा गोल आकार स्पष्ट दिसतो आणि तेवढ्यासाठी चेक-इन बॅग उघडण्यास प्रवाशाला परत बोलावले जाते. ज्यांच्या मुलांना घरच्या मसाल्यासाठी खोबरे हवे असते, त्यांनी ते इथेच भाजून, मसाल्यात कांडून पाठवावे. पोहोचण्याच्या ठिकाणी खोबरे बहुतेक सगळीकडे विकत मिळते.

ओटीच्या ओल्या नारळाचेही असेच विचारून ठरवावे. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत नेण्यास एरवी परवानगी नसते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ साली ठरावीक मुदतीपुरती सवलत मुद्दाम जाहीर करावी लागली होती, यावरून मूळ नियम किती कडक आहे हे समजते. घरी नारळ फोडून त्याची खिरापत वाटणे आणि अंगारा-कुंकवाची लहानशी पुडी सोबत नेणे हा मला अधिक योग्य मार्ग वाटतो.

चौथी पायरी: बॅटरी असलेल्या वस्तू आपल्याजवळ ठेवाव्यात

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेतच न्याव्यात. चेक-इन बॅगेत त्या कधीही घालू नयेत. बॅटरी आतून बिघडली किंवा तिची टोके धातूला लागून शॉर्ट झाली, तर ती झपाट्याने तापत जाते आणि एकदा पेटली की सहजासहजी विझत नाही. प्रवाशांच्या कक्षात असे घडले, तर धूर लगेच दिसतो आणि अशा आगीचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी तिथे असतात. पोटातल्या बॅगांच्या गर्दीत मात्र ती आग कोणाच्या हाताशी नसते.

मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या पॉवर बँकला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या नेता येतात. १६०च्या वर मनाई आहे. पॉवर बँकवर बहुधा एमएएच (mAh) हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याला ३.७ने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची ठरते आणि चालते. छापील आकडे पुसट झालेली किंवा फुगलेली पॉवर बँक घरीच ठेवावी. प्रवासात चांगली पॉवर बँकही वरच्या कप्प्यात न टाकता नजरेसमोर ठेवावी आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नये. लॅपटॉप, कॅमेरा, फोन हेही सोबतच असावेत.

कोल्हापूरच्या प्रवाशांसाठी येथे एक महत्त्वाची भर घालावी लागते. इथून काही उड्डाणे पंख्याच्या एटीआर विमानांनी होतात आणि त्यांतील डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची टणक बॅग त्यांत मावली नाही, तर कर्मचारी ती विमानाच्या दाराशी घेऊन पोटात ठेवतात. असे झाले तर बॅग सोपवण्यापूर्वी पॉवर बँक, औषधे, दागिने आणि कागदपत्रे काढून घ्यावीत. या सर्व वस्तू पहिल्यापासूनच एका लहान कापडी पिशवीत भरून हातातल्या बॅगेत सर्वांत वर ठेवल्या, तर ते काम क्षणात होते.

पाचवी पायरी: खाण्याचे जिन्नस बांधावेत

कांदा-लसूण चटणी, लाल तिखट, येसर, गरम मसाला आणि काळी मिरी हे सर्व चेक-इन बॅगेत घालावे. तिखटाची पूड डोळ्यांत फेकता येते, एवढे एकच कारण ती हातातल्या बॅगेत न चालण्यास पुरेसे आहे, आणि पिशवी लहान असली तरी हा नियम बदलत नाही. चटणी तेलकट असते, म्हणून ती आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून हवा काढावी, तोंड बंद करावे, वर दुसरी पिशवी घालावी आणि मग झाकणाच्या डब्यात ठेवून डब्याला चिकटपट्टी लावावी. काचेची बरणी वापरू नये. लोणचेही याच पद्धतीने चेक-इन बॅगेत द्यावे.

काकवी, मध, तूप, तेल हे पातळ पदार्थही चेक-इन बॅगेतच घालावेत. उंचावर गेल्यावर विमानातील हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी होतो आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या झाकणातून पदार्थ बाहेर येतो. बाटलीत दोन बोटे जागा सोडावी, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण फिरवावे आणि बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी. तूप किती चालते याची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते, तेव्हा मोठा डबा न्यायचा असेल तर आधी विचारावे.

नृसिंहवाडीची बासुंदी आणि घरचा तांबडा-पांढरा रस्सा यांच्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: विमानाने नेऊ नयेत. ते पातळ आहेत, नासणारे आहेत आणि उड्डाणाला उशीर झाला तर खाण्याजोगे राहत नाहीत. रश्श्याऐवजी मसाला द्यावा, बासुंदीऐवजी कवठाची बर्फी किंवा पेढे द्यावेत. गूळ घट्ट असल्याने सोपा आहे. अख्खी ढेप मात्र वजनाची मर्यादा एकटीच खाऊन टाकते, म्हणून किलो-अर्धा किलोच्या वड्या घ्याव्यात. चिवडा, लाडू, शंकरपाळी, चपात्या, दशम्या हातातल्या बॅगेत चालतात. दशमीसोबतची कोरडी चटणी तेवढी वेगळी काढावी.

सहावी पायरी: धारदार, टणक आणि दांड्याच्या वस्तू

चाकू, सुरी, कात्री, विळी, खिसणी, अडकित्ता, सुटी ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, पाना हे सारे चेक-इन बॅगेत, पात्यांना जाड पुठ्ठा गुंडाळून ठेवावे. तपासणीसाठी बॅग उघडणाऱ्या माणसाचा हात कापू नये, हा त्या पुठ्ठ्याचा हेतू आहे. आजोबांच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता सर्वांच्या नजरेतून सुटतो. त्यांना विचारूनच तो काढावा.

तालमीतल्या मुलांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बक्षिसाची गदा हातात घेऊन विमानात चढता येत नाही, कारण नियमांच्या दृष्टीने ती प्रहार करण्याचे साधन आहे; तिला चादरीत गुंडाळून, लांबी आणि वजन आधी कंपनीला कळवून चेक-इन करावे. मर्दानी खेळाच्या पथकांना तलवारी, दांडपट्टे, भाले न्यावे लागतात. त्यांनी पथकाच्या नावाचे पत्र, कार्यक्रमाचे निमंत्रण आणि वस्तूंची यादी घेऊन कंपनीशी आधीच लेखी बोलून घ्यावे. आयत्या वेळी काउंटरवर असा गठ्ठा उघडून सबंध पथकाचा प्रवास धोक्यात घालू नये.

कोल्हापुरी चपलांना कसलीच आडकाठी नाही, चप्पल लाईनमधून कितीही जोड घेतले तरी. पायात घातलेल्या जोडात खिळे असतील, तर धातुशोधक वाजू शकतो. तेव्हा ती काढून ट्रेमध्ये ठेवावी इतकेच.

सातवी पायरी: द्रव, औषधे, दागिने

आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या बॅगेतील प्रत्येक द्रव, मलम किंवा जेलची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावाव्यात. मोजले जाते ते बाटलीचे आकारमान. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला थोडे तेल उरले असले तरी ती अडवली जाते. टूथपेस्ट, केसांचे तेल, पातळ चटणी, जॅम हे सगळे यात धरले जाते. बाळाचे दूध आणि प्रवासात लागणारी औषधे यांना सूट आहे, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. अंगावर मारण्याचे स्प्रे चेक-इन बॅगेत, प्रत्येकी अर्ध्या लिटरपर्यंत आणि एकूण दोन लिटरपर्यंत नेता येतात.

मद्य न्यायचे असल्यास २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले, दुकानातून घेतलेल्या मूळ सीलबंद बाटल्यांत, माणशी ५ लिटरपर्यंत अशी विमानाची मर्यादा आहे. पण राज्यांचे कायदे त्याहून वेगळे असतात. अहमदाबादला उतरणाऱ्याने गुजरातेत दारूबंदी आहे हे विसरू नये.

रोजची औषधे, इन्सुलिन आणि त्याच्या सुया हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवाव्यात. चेक-इन बॅग एखाद्या दिवशी उशिरा पोहोचू शकते आणि रक्तदाबाची गोळी तोवर थांबू शकत नाही. हुपरीची चांदी, कोल्हापुरी साज, रोख रक्कम, घराच्या किल्ल्या आणि मूळ कागदपत्रे चेक-इन बॅगेत कधीही घालू नयेत. नवीन दागिन्यांची पावती सोबत असावी.

आठवी पायरी: परदेशी जाणाऱ्यांनी त्या देशाचे नियम पाहावेत

विमानात चालणारी वस्तू उतरल्यावर गुन्हा ठरू शकते, आणि या बाबतीत कोल्हापूरच्या घरांना खसखशीपासून सर्वांत जास्त धोका आहे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थाच्या कायद्याखाली येते. प्रमाण अगदी थोडे असले तरी अटक होऊ शकते. आपल्याकडे अनेक घरांत मसाल्यात खसखस घालतात. आखातात जाणाऱ्यांसाठी मसाला वेगळा, खसखशीशिवाय कांडून घ्यावा, त्यावर तसे लिहून ठेवावे आणि अनारशाचा डबा देऊ नये. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली खोकल्याची व दुखण्याची औषधेही तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत.

ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप इथेच राहतात. अमेरिकेत ताजा कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू आणि चामड्याच्या किंवा लाकडी वस्तू उतरताना भरायच्या पत्रकात नोंदवाव्यात. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते; लपवलेल्या वस्तूसाठी जबर दंड होतो.

‘तिकडे आमच्या मुलाला एवढा डबा द्या’ म्हणून शेजारपाजारचे लोक प्रेमाने पुडकी आणून देतात. नाते कितीही जवळचे असले, तरी पुडके उघडून, आत काय आहे ते स्वतः पाहूनच घ्यावे आणि बंद पाकीट नम्रपणे परत करावे. बॅग आपल्या नावावर असते; तिच्यात जे सापडेल त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

शेवटची पायरी: विमानतळावर

उजळाईवाडीला उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचावे. देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतात. इमारतीत तिकीट आणि ओळखपत्र असलेल्यांनाच प्रवेश मिळतो, म्हणून सोडायला आलेल्यांनी प्रवाशाची सुरक्षा तपासणी पूर्ण झाल्याचा फोन येईपर्यंत बाहेर थांबावे. एखादी वस्तू नाकारली गेली, तर ती परत घरी नेणारे माणूस तोवर जवळ असते. नंतर ती तिथेच सोडून द्यावी लागते.

तपासणीत फोन, पाकीट, पट्टा, लॅपटॉप, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळे ठेवावे. शंका असलेल्या वस्तूविषयी विचारले गेल्यास शांतपणे खरे सांगावे. बॉम्ब हा शब्द थट्टेतही उच्चारू नये. त्यावर पोलीस कारवाई होते आणि उड्डाण चुकते. अंतिम निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, त्यामुळे मागच्या वेळी चालले होते हा युक्तिवाद तिथे उपयोगी पडत नाही.

चेक-इन बॅगेला लावलेल्या पट्टीचा लहान तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून देतात, तो जपून ठेवावा. बॅगेवर बाहेरून आणि आतही आपले नाव व फोन क्रमांक लिहावा आणि बंद करण्यापूर्वी आतील सामानाचा फोनवर एक फोटो काढून घ्यावा. उतरल्यावर बॅग आली नाही, फुटलेली आली किंवा तिच्यातून काकवी गळताना दिसली, तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या काउंटरवर पट्टीचा तुकडा व फोटो दाखवून लेखी तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घ्यावी. एकदा बाहेर पडल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे फार अवघड जाते.